सरकारी टेंडरचा मेल आलाय, बयाणा भरा म्हणतायत. खरा की खोटा कसं ओळखायचं?

शिरोलीकर_ताई

नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. शाळेचे ड्युअल डेस्क, कपाटं, रॅक असं करतो. आजवर माल खाजगी शाळांना आणि मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली दिला, सरकारी कामात थेट उतरलेलो नाही. उद्यम नोंदणी आहे, जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) खातं काढलंय, बस एवढंच.

सोमवारी कंपनीच्या मेलवर शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या नावाने मेल आला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, निविदा क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. ६२० ड्युअल डेस्क, अंदाजपत्रकीय रक्कम ३७ लाख. आणि पुढे असं लिहिलंय की आपल्या संस्थेची प्राथमिक निवड झाली आहे, बयाणा रक्कम रु. ७४,००० पुढील खात्यात ४८ तासांत भरून यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर बँक देते तो व्यवहार क्रमांक) कळवावा, अन्यथा पुढील पुरवठादारास संधी देण्यात येईल. सोबत एक पीडीएफ आणि एक एक्सेल. पीडीएफ पाहिली, एक्सेल मी अजून उघडलेली नाही.

सासरे म्हणतात ७४ हजारासाठी ३७ लाखाचं काम सोडायचं का, शाळा उघडायच्या आधी ऑर्डर मिळाली तर वर्ष निघेल. माझा जीव धजत नाही. मेलवरून खरं-खोटं ओळखायच्या नक्की खुणा कोणत्या? आणि खरंच असेल तर काम हातचं जाऊ नये हेही आहे.

कालवा_निरीक्षक

ताई, पैसे भरू नका. फ्रॉड आहे. आत्ता बाहेर आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर कुणाच्याही फोनला बळी पडू नका, फोन येणारच.

सर्व्हरवाला

पहिली गोष्ट मेल आयडी बघा. नाव नाही, आयडी. मोबाइलवर फक्त नाव दिसतं आणि नावाच्या जागी कुणीही "कार्यकारी अभियंता" लिहू शकतो. नावावर टॅप केलं की खरा पत्ता दिसेल. केंद्र आणि राज्य सरकारचे पत्ते जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन ने संपतात. संपतात हे महत्त्वाचं. पत्ता नेहमी उजवीकडून वाचायचा. "महाटेंडर्स डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम" असं असेल तर ती साइट अमुकतमुकवाल्याची आहे, आधी जीओव्ही कितीही वेळा आलं तरी. जीओव्ही आणि इन च्या मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ, हा पण नेहमीचा प्रकार.

दुसरं म्हणजे "रिप्लाय" दाबून बघा, पाठवू नका, फक्त वर कुठला पत्ता येतो ते बघा. कधीकधी पाठवणारा एक असतो आणि उत्तर भलत्याच आयडीला जातं.

शिरोलीकर_ताई

धन्यवाद @सर्व्हरवाला. बघितलं. नाव कार्यालयाचं आहे आणि आयडी जीमेलचा. जिल्ह्याचं नाव, खात्याचं नाव आणि शेवटी जीमेल.

नाद_खुळा

जीमेल ना? मग विषय संपला. सरकार जीमेल वापरत नाही. डिलीट मारा आणि कामाला लागा.

मोहोळची_पोर

@नाद_खुळा इतकं सोपं नाहीये ओ. माझा नवरा ग्रामपंचायतीत आहे, त्यांच्या ऑफिसचा रोजच्या वापरातला आयडी जीमेलचाच आहे. तालुक्याच्या ठिकाणची कितीतरी उपविभागीय कार्यालयं, आयटीआय, आश्रमशाळा, झेडपीच्या शाळा जीमेलच वापरतात, लेटरहेडवर छापलेला असतो. वापरू नये असे नियम आहेत, तरी वापरतात. त्यामुळे "जीमेल म्हणजे खोटा" असं धरलं तर गावाकडचे निम्मे खरे मेल तुम्ही कचऱ्यात टाकाल.

आणि उलटंही आहे. आमच्या दिरांना खरोखरच्या सरकारी आयडीवरून घाणेरडी लिंक आली होती, कारण त्या कर्मचाऱ्याचा पासवर्डच चोरीला गेला होता. म्हणजे जीओव्ही डॉट इन दिसलं की डोळे मिटून विश्वास, हेही नको.

सर्व्हरवाला

हे मान्य. माझा मुद्दा अर्धवट राहिला होता. सार्वजनिक कंपन्यांचं तर आणखी वेगळं, ओएनजीसीचा पत्ता सीओ डॉट इन ने संपतो, महावितरणची साइट महाडिस्कॉम डॉट इन. सायबर सुरक्षेवर देखरेख करणारी सर्ट-इन ही केंद्राचीच संस्था, तिचा पत्तासुद्धा ओआरजी डॉट इन आहे. त्यामुळे शेपूट बघणं ही पहिली चाळणी, शेवटची नाही.

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी: जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर "शो ओरिजिनल" आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. तिथे फेल असेल तर हात लावू नका. पण पास दिसलं म्हणून खूश पण होऊ नका. पास चा अर्थ एवढाच की ज्या डोमेनचं नाव दिसतंय तिथूनच मेल निघालाय. चोराने स्वतःचं मिळतंजुळतं डोमेन विकत घेतलं तर त्याचाही पासच येतो.

आत्याबाईंचा_भाचा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

कालवा_निरीक्षक

आता बसलो निवांत. मी सरकारी बांधकामाच्या लेखा शाखेत नोकरी केली, आता निवृत्त. टेंडर उघडण्याच्या टेबलावर पुष्कळ वर्षं बसलोय, त्यामुळे आतून सांगतो.

ताई, तुम्ही मेल खरा की खोटा हे मेलकडे बघून ठरवताय, तिथेच फसवणारा जिंकतो. शिक्का, सही, राजमुद्रा, जावक क्रमांक या सगळ्याची नक्कल दहा मिनिटांत होते, खऱ्या पत्राचा फोटो मिळाला की झालं. मेल बाजूला ठेवा. विचार असा करा, की निविदा मुळात निघते कुठे? ती मेलवर निघत नाही. महाराष्ट्र सरकारची असेल तर महाटेंडर्स डॉट जीओव्ही डॉट इन वर निघते, केंद्राची असेल तर ईप्रोक्योर डॉट जीओव्ही डॉट इन वर, रेल्वेची तिच्या आयआरईपीएस या पोर्टलवर, आणि तयार माल-सेवा असतील तर बहुतेक वेळा जेमवर. २०१७ च्या वित्तीय नियमांत केंद्राच्या खात्यांना जेमवर उपलब्ध असलेला माल जेमवरूनच घेणं सक्तीचं केलंय, आपल्या राज्यातही भरपूर खरेदी तिथूनच होते.

प्रत्येक निविदेला एक आयडी असतो. महाटेंडर्सवर तो वर्ष, मग आडवी रेघ, खात्याचं लघुरूप, मग लांब आकडा आणि शेवटी एक छोटा आकडा असा दिसतो. जेमवर जीईएम, वर्ष, बी आणि आकडा, मध्ये तिरक्या रेघा. हा आयडी स्वतः पोर्टल उघडून शोधा. मेलमधल्या लिंकवरून जायचं नाही, पत्ता हाताने टाइप करायचा. शोधायला लॉगिन लागत नाही, डिजिटल सहीही लागत नाही. नातवालाही जमेल.

दुसरं, "प्राथमिक निवड". ज्याने बोली लावलीच नाही त्याची निवड होते कशी? आधी तांत्रिक लिफाफा उघडतात, मग पात्र ठरलेल्यांचा दराचा लिफाफा उघडतात, सर्वांत कमी दरवाला एल-वन. निवड झाली की स्वीकृतीपत्र, मग सुरक्षा ठेव, करारनामा, मग कार्यारंभ किंवा पुरवठा आदेश. बयाणा रक्कम ही बोलीच्या सोबत जाते, निवडीनंतर मागत नाहीत. तुमच्या मेलमधला क्रमच उलटा आहे. मला पहिल्या वाचनात खोटं दिसलं ते यामुळे.

तिसरं, पैसे कुठे जातात. महाटेंडर्सवर बोली भरताना पोर्टलच्या आतून नेट बँकिंगने भरता येतात, किंवा एनईएफटी/आरटीजीएस निवडलं तर पोर्टल त्या वेळी तुमच्या नावाचं चलन तयार करतं. ते चलन तुम्ही लॉगिन करून बोली भरत असाल तरच तयार होतं, ते मेलने कुणी पाठवत नाही. काम नाही मिळालं तर ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात रक्कम परत येते. जेमवर बयाणा कधी डीडी, कधी बँक गॅरंटी, कधी थेट खरेदीदार कार्यालयाच्या खात्यात असतो, पण तो तपशील बिडच्या कागदातच लिहिलेला असतो.

आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना उद्यम नोंदणीवर पुष्कळ ठिकाणी बयाण्यातून सूटच असते. केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आहे त्यासाठी, राज्यातही निविदेच्या अटीत तसं कलम बघायला मिळतं. तुम्हाला कदाचित तो भरावाच लागला नसता.

हां, छोट्या रकमेच्या खरेदीला कार्यालयं तीन ठिकाणची दरपत्रकं मागवतात, ती पत्राने किंवा मेलने येऊ शकतात. पण त्याला बयाणा नसतो, आणि ३७ लाखाला दरपत्रक चालत नाही.

नाद_खुळा

काका, दंडवत. माझा "विषय संपला" मागे घेतो, हाच खरा प्रतिसाद.

गिरणगावातला

+१११. कुणी मुख्य पानावर टाका हे.

बीओक्यू_भरणारा

मी चार-पाच ठेकेदारांची टेंडरं ऑनलाइन भरून देतो, तो माझा धंदाच आहे. एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, ती एक्सेल फाइल.

महाटेंडर्सवरची दराची फाइल, म्हणजे बीओक्यू, ही मॅक्रो (आत आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) असलेली एक्सेलच असते. उघडली की वर पिवळी पट्टी येते, "एनेबल कंटेंट" दाबल्याशिवाय दर भरताच येत नाहीत, आणि फाइलचं नाव बदललं तर पोर्टल घेत नाही. म्हणजे आम्हा लोकांच्या बोटाला ती पिवळी पट्टी दाबायची सवय आहे. बँकेच्या माणसाला मॅक्रोवाली फाइल आली तर तो दचकेल, ठेकेदार दचकत नाही. हे चोरांना नीट माहितीये. मेलमधून "बीओक्यू" नावाची फाइल आली आणि मॅक्रो चालू केले, की त्याच कॉम्प्युटरवर तुमची नेट बँकिंग, तुमचा जीएसटी, तुमचा डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो), तिथवर चोराचा हात पोचतो.

माझा नियम: बीओक्यू फक्त पोर्टलवरून स्वतः उतरवलेलीच उघडायची. कुणी मेल केली, व्हॉट्सॅप केली, ठेकेदाराने स्वतः पाठवली तरी मी ती बाजूला टाकून पोर्टलवरून परत उतरवतो. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असेल तर आणखी सावध, अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून तसं करतात.

शिरोलीकर_ताई

@बीओक्यू_भरणारा बापरे. मी उघडली नाही पण मेल आमच्या अकाउंटंटकडे फॉरवर्ड केला होता. विचारते.

देवळाली_गाववाला

आमच्याकडे नाशकात याचाच चुलतभाऊ फिरतोय, लष्कराचा. आमच्या गल्लीतल्या एका किराणावाल्याला फोन आला, छावणीतून बोलतोय, जवानांसाठी इतकी पोती तांदूळ, इतकी डाळ, गाडी उद्या येईल. व्हॉट्सॅपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड. मग म्हणे आमचं पेमेंट लष्कराच्या पद्धतीने होतं, आधी तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करून रक्कम पाठवा, मग दुप्पट तुमच्या खात्यात येते. सुरुवातीला एक रुपया पाठवायला लावला, त्याचे खरंच दोन आले. तिथे माणूस फसतो. पुढच्या वेळी मोठी रक्कम गेली, ती गेलीच. वर दुकानात माल बांधून तयार, तो वेगळा पडून.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन पण करावा लागत नाही. हे त्याच्या पोराला माहीत होतं, पण त्या वेळी तो दुकानात नव्हता.

फोंड्याचो_पाव

गोव्यात पण चालू आहे हे. टेंडर नाही पण "रजिस्ट्रेशन" च्या नावाने. जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी करून देतो, इतके हजार द्या. उद्यमचं पण तेच. दोन्ही नोंदण्या फुकट आहेत! उद्यम १ जुलै २०२० पासून सुरू झाली तेव्हापासून सरकार सांगतंय फुकट आहे, तरी गूगलवर शोधलं की वरती जाहिरातीत खाजगी साइट येतात, अशोक स्तंभासारखं चित्र, तिरंगी पट्टी आणि शेवटी पैसे भरा.

मिरजेचा_तानपुरा

पूर्वी बरं होतं. पेपरात जाहिरात, ऑफिसात जाऊन कोरा फॉर्म विकत घ्यायचा, डीडी काढायचा आणि लाखबंद पाकीट पेटीत टाकायचं. समोर माणूस दिसायचा.

गिरणगावातला

@मिरजेचा_तानपुरा समोर माणूस दिसायचा खरा, पण पेटीपाशी उभा असलेला पण दिसायचा :) आमच्या वडिलांचं पाकीट पेटीपर्यंत पोचू दिलं नव्हतं एकदा. चार लोक आडवे. रिंग करून कामं वाटून घ्यायचे. ई-टेंडरने ते तरी बऱ्यापैकी थांबलं.

मिरजेचा_तानपुरा

ते आहेच. आमच्याकडे एकाने पाकीट बायकोच्या डब्यातून नेलं होतं, पोळ्यांच्या खाली. काम मिळालं त्यालाच.

नाद_खुळा

पोळ्यांचं काय झालं?

संपादक_मंडळ

पेटी आणि पोळ्यांवर वेगळा धागा काढा, आवडेल वाचायला. इथे मूळ विषयावर राहूया, ताईंना दिलेली ४८ तासांची मुदत चालू आहे.

वाळवंटी_आंबा

दुबईतून. इथे मोठ्या तेल कंपन्यांच्या नावाने हेच येतं. "आपली कंपनी व्हेंडर म्हणून निवडली आहे, नोंदणी फी परतावा-पात्र", सोबत प्रश्नावली, गोपनीयतेचा करार, अगदी व्यवस्थित. भारतातले निर्यातदार सापडतात कारण त्यांना आखातातलं काम म्हटलं की आनंद होतो. माझ्या ओळखीत पुण्याच्या एका व्हॉल्व्हवाल्याला आलं होतं. त्याने मला विचारलं, मी त्या कंपनीच्या साइटवर दिलेल्या नंबरवर फोन लावला, मेलमधल्या नाही. खरेदी विभागातली बाई म्हणाली आम्ही नोंदणीला अशी फी घेत नाही, रोज असे फोन येतात. पाच मिनिटांचं काम होतं.

एडिसनचा_पोहेवाला

अमेरिकेत दोन प्रकार बघितलेत. एक, पासवर्डसाठी. जानेवारी २०२२ मध्ये इंकी नावाच्या ईमेल सुरक्षा कंपनीने उघडकीला आणलं होतं, इथल्या कामगार खात्याच्या नावाने "बोली लावा" असे मेल, आत पीडीएफ, पीडीएफमध्ये बटण. बटण दाबलं की खात्याच्या साइटची हुबेहूब नक्कल. ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाकला की पहिल्यांदा "चुकीचा" म्हणायचं, म्हणजे तुम्ही परत नीट टाकता, आणि दुसऱ्या वेळी सरळ खऱ्या सरकारी साइटवर नेऊन सोडायचं. माणसाला वाटतं काहीतरी तांत्रिक गडबड झाली. कंपनीचा मेलबॉक्स मात्र गेलेला असतो.

दुसरा प्रकार मालासाठी. सरकारी खात्याच्या किंवा विद्यापीठाच्या नावाने परचेस ऑर्डर, लॅपटॉप, टोनर, मशीनचे सुटे भाग, पैसे ३० दिवसांनी. सरकार उधारीवरच घेतं त्यामुळे संशय येत नाही. पत्ता मात्र कुठल्यातरी गोदामाचा किंवा फॉरवर्डरचा, तिथून माल देशाबाहेर. इथे आगाऊ काहीच मागत नाहीत. म्हणून "पैसे मागितले तरच फ्रॉड" असं समजू नका, डिलिव्हरीचा पत्ता त्या कार्यालयाचाच आहे का ते पण बघा.

इथेही सरकारी विक्रेता नोंदणी सॅम डॉट जीओव्ही वर फुकट आहे, आणि "नूतनीकरणाचे पैसे भरा" असे मेल येतातच. फोंड्याच्या दादांनी लिहिलंय तस्संच.

हिशोबनीस_सातारा

मला एक कळत नाही, ताईंचं नाव, माल, ईमेल हे त्यांना मिळालं कुठून?

बीओक्यू_भरणारा

उघड्यावर आहे की सगळं. पोर्टलवर टेंडर उघडल्यावर कोण कोण आलं होतं, कुणाचा किती दर, कुणाला मिळालं ते सगळ्यांना दिसतं. पारदर्शकतेसाठी ते गरजेचंच आहे. माल आणि फोन नंबर व्यापाराच्या जाहिरात साइटवर मिळतो. हे जोडलं की झालं. बेंचवाल्याला बेंचचंच टेंडर येतं, पंपवाल्याला पंपाचं. उगाच सगळ्यांना एकच मेल पाठवायचे दिवस गेले.

आयएसओ_अण्णा

एवढं डोकं लावण्यापेक्षा एखादा कन्सल्टंट धरा. महिन्याला ठरावीक द्या, तो बघेल.

कालवा_निरीक्षक

@आयएसओ_अण्णा धरा, पण डिजिटल सहीचा टोकन आणि त्याचा पिन त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. क्लास थ्री सही म्हणजे कायद्याने तुमची सही. मी अशी प्रकरणं टेबलावर बघितली आहेत की मालकाला पत्ताच नाही आणि त्याच्या सहीने बोली लागलीये, काम मिळालंय, आणि काम केलं नाही म्हणून काळ्या यादीची नोटीस आलीये. टोकन स्वतःजवळ, पिन स्वतःच्या डोक्यात, बोली भरताना शेजारी बसायचं. आणि एनीडेस्कसारखं काही टाकून "मी इकडून करतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तर अजिबात नाही.

बीओक्यू_भरणारा

@कालवा_निरीक्षक पूर्ण सहमत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी टोकन घेऊनच जायला सांगतो. काही जण चिडतात, परत यायला लागतं म्हणून.

शिरोलीकर_ताई

अपडेट देते. काकांनी सांगितल्याप्रमाणे पोर्टलचा पत्ता हाताने टाकला आणि मेलमधला निविदा आयडी शोधला. चालू निविदांत नाहीच. मग मुलाने जुन्या निविदांत शोधला तर सापडला! माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं खरं आहे की काय. उघडून बघितलं तर तो आयडी गेल्या वर्षीच्या एका निविदेचा, जिल्हा वेगळा, काम संरक्षक भिंतीचं. म्हणजे खऱ्या निविदेचा नंबर आणि खऱ्या कागदाचा साचा घेऊन वर बेंच चिकटवलेत. तारखा बदलल्यात, पण एका पानावर तळाशी "भिंत" तसंच राहिलंय. आम्ही सगळ्यांनी पीडीएफ वाचली होती आणि कुणाला ते दिसलं नव्हतं.

दुपारी फोन पण आला. ट्रूकॉलरवर चक्क पदनाम दिसत होतं. अस्सल ऑफिसची मराठी, "मॅडम, साहेब सहीला बसलेत, यूटीआर टाका पटकन." मी म्हटलं उद्या प्रत्यक्ष कार्यालयात येऊन भरते. तर म्हणाला साहेब दौऱ्यावर आहेत. मघाशी सहीला बसले होते ते साहेब.

सासऱ्यांनी स्पीकरवर ऐकलं सगळं. नंतर काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतःच म्हणाले की राहू दे.

मोहोळची_पोर

शाब्बास ताई! "प्रत्यक्ष येते" हे भारी. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

वकील_विदर्भातले

आयडी खरा निघाला म्हणून थांबायचं नाही हा ताईंच्या अनुभवातला मोठा भाग आहे. आयडी, कार्यालय, काम, रक्कम आणि अंतिम तारीख, पाचही जुळले पाहिजेत.

कुणी टेंडरसोबत शासन निर्णय जोडला असेल तर त्याच्या शेवटी संकेतांक लिहिलेला असतो, लांबलचक आकडा. तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ जीआर निघतो, आणि निघालेला जीआर वाचायचा पण, कारण आकडा दुसऱ्याच विषयाचा असू शकतो. २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात बनावट जीआरच्या आधारावर काही कोटींची विकासकामं झाल्याची बातमी आली होती. तिथे यंत्रणेतल्या लोकांनाही तो कागद खरा वाटला, मग बाहेरच्या माणसाचं काय.

बँकेतली_मुक्ता

मी बँकेत आहे म्हणून लिहिते. ताई, मेलमध्ये खात्याचा आयएफएससी दिलाय ना, तो रिझर्व्ह बँकेच्या साइटवर किंवा कुठल्याही बँकेच्या ॲपमध्ये टाका, शाखा कुठली ते दिसेल. आणि खात्याचं नाव मेलमध्ये काहीही लिहिलेलं असू दे, तुम्ही जे टाइप करता त्यावर पैसे अडत नाहीत, पैसे खाते नंबरवर जातात. हल्ली आरटीजीएस-एनईएफटी करताना लाभार्थ्याचं खरं नाव दाखवायची सोय आहे, पाठवायच्या आधी ते नाव वाचा. सरकारी कार्यालयाच्या जागी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा.

आणि ज्याचे पैसे गेलेत त्याने एक मिनिट न दवडता १९३० ला फोन करा. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे पोचलेत तिला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवून ठेवता येते. हे पैसे भाड्याच्या खात्यांतून तासाभरात चार ठिकाणी फिरतात, म्हणून उशीर नको. लोक आधी त्याच चोराला फोन लावत बसतात, विनवण्या करतात, त्यात वेळ जातो. लाजेने दोन दिवस घरात सांगत नाहीत, त्यात तर सगळंच जातं. माझ्या काउंटरवर अशी माणसं येतात, त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. कृपा करून आधी १९३०, मग बाकी सगळं.

पैसे गेले नसतील तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका, आणि आलेल्या फोनची तक्रार दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षू" मध्ये करता येते.

शिरोलीकर_ताई

@बँकेतली_मुक्ता आयएफएससी टाकला. महाराष्ट्रातली शाखाच नाही, खाजगी बँक, दुसऱ्या राज्यात. तक्रार करते आज.

आणि अकाउंटंटने ती एक्सेल उघडली होती :( पिवळी पट्टी पण दाबली म्हणतोय, "बीओक्यू आहे म्हणून". आता काय करू? त्याच मशीनवर आमचं बँकेचं, जीएसटीचं सगळं आहे.

सर्व्हरवाला

आत्ता लगेच: त्या कॉम्प्युटरचं नेट काढा, वाय-फाय बंद किंवा वायर उपटा. डिजिटल सहीचा टोकन लावलेला असेल तर काढा. मग दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून नेट बँकिंग, ईमेल, जीएसटी, जेमचे पासवर्ड बदला, सगळ्यात आधी ईमेल, कारण बाकीच्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक त्यावरच येतात. ईमेलमध्ये सेटिंगला जाऊन कुठे आपोआप फॉरवर्डिंग किंवा नवा फिल्टर लागलाय का ते बघा, हे लोक तसं करून ठेवतात आणि महिनाभर तुमची बिलं वाचतात, मग तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्या नावाने "आमचं बँक खातं बदललंय" असं कळवतात. बँकेला कळवून काही दिवस मोठ्या रकमांवर मर्यादा घाला. टॅलीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर आहे ना? असेल तर विंडोज नव्याने टाकून घ्या. फक्त स्कॅन करून भागवू नका.

अकाउंटंटला रागवू नका. वर बीओक्यूवाल्या दादांनी लिहिलंय ना, बोटाला सवयच तशी असते.

शिरोलीकर_ताई

नेट काढलं. टोकन माझ्याच पर्समध्ये असतो, तेवढं बरं झालं. बॅकअप परवाचा आहे. पासवर्ड बदलायला बसलोय दोघं.

नाद_खुळा

सासरेबुवांना या धाग्याची प्रिंट काढून द्या, एमआयडीसीतल्या बाकीच्यांना पण.

कालवा_निरीक्षक

ताई, एक राहिलंच. तुम्ही विचारलं होतं की खरं असेल तर काम हातचं जाऊ नये. ते बरोबरच आहे तुमचं, या भीतीने सरकारी काम सोडू नका. महाटेंडर्सवर नोंदणी करून घ्या, आवडीच्या निविदा स्वतःच्या यादीत घेऊन ठेवता येतात, मग त्या निविदेत काही शुद्धिपत्रक निघालं तर पोर्टलचाच मेल आणि एसएमएस येतो. तो मेल आला तरी लिंक दाबायची नाही, लॉगिन करून बघायचं. जेमवर तुमच्या प्रकारात डेस्क टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा बिड चाळा. शाळांची खरेदी तिथे निघत असते. पहिली बोली भरताना अडलं तर इथेच विचारा, मी आहे, बीओक्यूवाले आहेत.

शिरोलीकर_ताई

काका, नक्की विचारणार. मशीन सुरळीत झालं की पहिलं तेच करते. उद्यमवर बयाण्यातून सूट आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

इचलकरंजी_यंत्रमाग

उशिरा आलो धाग्यावर. काल मला पण आलाय. माझा गणवेशाच्या कापडाचा आहे, ४१ लाख, बयाणा ८२ हजार, ४८ तास. कार्यालय तुमच्या मेलमधल्याच जिल्ह्यातलं दाखवलंय, निवड झाली वगैरे सगळं तेच. भरणार होतो आज.

शिरोलीकर_ताई

दादा, भरू नका! आणि एक्सेल उघडू नका. आयएफएससी आणि खाते नंबर मला खाजगी निरोपात पाठवा, माझ्या तक्रारीतला आणि तुमचा एकच आहे का बघूया. एकच निघाला तर दोघंही आपापल्या तक्रारीत एकमेकांचा क्रमांक टाकूया.

इचलकरंजी_यंत्रमाग

पाठवला.

शिरोलीकर_ताई

शाखा तीच, खातं वेगळं. तक्रार टाका लगेच, माझा पोचपावती क्रमांक तुम्हाला पाठवलाय. इथे आणखी कुणाला असा मेल आला असेल तर मला निरोप करा.